हलवता येतं म्हणून घेतलेलं घर: मुळशी ते वाई

१९ नोव्हेंबर २०२३, रविवार

भाऊबीज झाली, पाहुणे पांगले आणि जमीनमालक आप्पांचा निरोप आला. जागेचा करार ३१ जानेवारीला संपतोय, पुढे वाढवायचा नाही. मुलाला तिथे कोंबड्यांची शेड टाकायची आहे. तक्रार करण्यासारखं काही नाही, सात वर्षं त्यांनी भाडं वाढवायचं नावही काढलं नाही.

घर म्हणजे ४० फुटी हाय क्यूब कंटेनर, जहाजावरून माल नेणारा, नेहमीपेक्षा उंच लोखंडी डबा. पौडच्या पुढे, मुळशी धरणाच्या अलीकडे उभा आहे. लांबी १२.१९ मीटर, रुंदी २.४४, उंची २.९०. आतमध्ये खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर. २०१६ साली घेतला तेव्हा 'उद्या जागा सोडावी लागली तर उचलून नेऊ' या एकाच वाक्यावर आई तयार झाली होती. आता तिच्याच वाटणीच्या जमिनीवर, सुरूर फाट्यावरून वाईकडे जाताना लागते तिथे, न्यायचं ठरलं.

दुपारी वही घेऊन घराभोवती फिरले. उचलायच्या आड काय काय येतं ते लिहीत गेले तर दोन पानं भरली. पावसासाठी वर उभारलेली पत्र्याची शेड, पुढचा व्हरांडा, मागची मोरी, पाण्याची टाकी, एसीचा बाहेरचा डबा, खिडक्यांवरच्या पत्र्याच्या झडपा, शोषखड्ड्याचा पाइप, अर्थिंगची पट्टी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे खालचे चारही कोपरे: पायाच्या लोखंडी पट्ट्यांना वेल्डिंग केलेले आणि वरून काँक्रीट ओतलेले. 'एकदम पक्कं करा' असं मिस्त्रीला मीच सांगितलं होतं.

आई म्हणाली, "एवढं सगळं सोडवायचंच होतं तर चिकटवलंत कशाला?"

२२ नोव्हेंबर

क्रेनवाल्यांना फोन. तिघांनीही तेच तीन प्रश्न विचारले: वजन किती, हुक कुठे लावायचा, गाडी कुठपर्यंत येते. तिन्हीची उत्तरं माझ्याकडे नव्हती.

वजनाचा हिशोब रात्री मांडला. रिकामा ४० फुटी हाय क्यूब साधारण ३.९ टनांचा असतो. त्यात आतली लोखंडी चौकट, सिमेंट बोर्ड, प्लाय, काचलोकर, न्हाणीघराच्या फरशा, ग्रॅनाइटचा ओटा, कपाटं. ओटा आणि सामान काढून ६.८ टन धरले. दादाला पटलं नाही. घर बांधताना आपण प्रत्येक गोष्ट कमीच धरतो, म्हणाला.

२५ आणि २६ नोव्हेंबर

शनिवारी शेड उतरवायला सुरुवात. पत्रे सुटायच्या आधी प्रत्येकावर मार्करने नंबर टाकला. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण एका पत्र्याची भोकं दुसऱ्याच्या भोकांशी जुळत नाहीत. जे-बोल्ट बहुतेक गंजलेले, फिरवण्याऐवजी कापलेच.

शेड निघाल्यावर खरी अडचण दिसली. कंटेनरच्या आठही कोपऱ्यांना ओतीव लोखंडाचे ठोकळे असतात. त्यांना भोकं असतात आणि बंदरात सगळी उचलाउचल त्या भोकांतूनच होते. आमच्या वरच्या चारही ठोकळ्यांवर शेडचे खांब बसवले होते, पट्टी टाकून, चहूबाजूंनी वेल्ड करून. कारण सरळ आहे, संपूर्ण छतावर तीच जागा सगळ्यात मजबूत दिसत होती. म्हणजे घर उचलायची जागा आम्ही घरावर ओझं ठेवायला वापरली.

रविवारी अवकाळीने गाठलं. उघडं पडलेलं छत, खांबांची अर्धवट कापलेली बुडं, वर ताडपत्री धरून आम्ही दोघं. काम बंद.

२ डिसेंबर

वेल्डर आला. चारही पट्ट्या ग्राइंडरने कापल्या. गॅस कटर लावला असता तर तासाभराचं काम होतं, पण छताखाली आतून फोमचं आवरण आहे, ठिणगीने पेटलं तर आतल्या आत धुमसत राहील. म्हणून ग्राइंडर, बाजूला ओली गोणपाटं आणि पाण्याच्या दोन बादल्या. अकरा चकत्या संपल्या.

उत्तरेकडच्या ठोकळ्याच्या भोकात गांधीलमाश्यांचं पोळं होतं. वेल्डर शिडीवरून ज्या वेगाने उतरला तो वेग दिवसभरात पुन्हा दिसला नाही. संध्याकाळी धूर करून काढलं.

खांब बसवताना छताला पाडलेली भोकं आहेत. सिलिकॉन भरून भागेल असं तो म्हणत होता. सात पावसाळ्यांचा अनुभव असा की मुळशीत सिलिकॉन दोन वर्षं टिकतं. पत्र्याचे तुकडे लावून वेल्ड करून घेतले.

३ डिसेंबर

महावितरणकडे कायमची वीज तोडायचा अर्ज दिला. वाईच्या नव्या जोडणीचा वेगळा. मीटर निघाल्यावर उरलेली कामं जनरेटरवर.

९ डिसेंबर

आज पोटाखाली शिरले. टॉर्च, हातोडी, जुनी चटई.

कंटेनरच्या तळाला आडव्या चॅनेल (खोबणीच्या लोखंडी पट्ट्या) असतात, साधारण फुटाफुटावर, आणि त्यांच्यावर २८ मिलिमीटर जाडीचा प्लाय. हातोडीने एकेक चॅनेल वाजवत पुढे गेले. चांगलं लोखंड टणत्कारतं. न्हाणीघराखाली आल्यावर आवाजच आला नाही, हातोडी आत गेली. चार चॅनेल पापुद्र्यासारख्या झाल्या होत्या. वरच्या ट्रॅपचा (सांडपाणी जातं त्या जाळीखालच्या भांड्याचा) सांधा कित्येक वर्षं थेंबथेंब गळत असणार. पाणी प्लायमधून झिरपून चॅनेलच्या खोबणीत साचत राहिलं. कंटेनरचं कॉर्टेन स्टील गंजाला तोंड देतं हे खरं, पण ते आलटून पालटून ओलं-कोरडं होत राहिलं तर. कायम ओलं राहिलं की ते साध्या लोखंडासारखंच खाल्लं जातं.

घर जागेवर असतं तर आणखी दहा वर्षं कळलं नसतं. उचलताना न्हाणीघराची जमीन फरशांसकट खाली आली असती.

१० डिसेंबर

न्हाणीघर फोडलं. फरशा वाचवायचा प्रयत्न केला, सहा वाचल्या. गेलेल्या चॅनेलच्या दोन्ही बाजूंना नव्या चॅनेल जोडून घेतल्या, वर रेड ऑक्साइड आणि दोन हात रंग. प्लायचा चार बाय सहा फुटांचा तुकडा बदलला. न्हाणीघराचं सामान आता वाईलाच लागेल. या कामाने हिशोब बिघडला, वजन मात्र कमी झालं म्हणून दादा खूश.

१३ डिसेंबर

रस्त्याची पाहणी. ट्रेलरचा पाटा जमिनीपासून दीड मीटर, त्यावर २.९० चं घर, म्हणजे ४.४० मीटर. दादाने साडेचार मीटरचा बांबू आणला, टोकाला लाल फडकं बांधलं. घरापासून पौड रस्त्यापर्यंतच्या दीड किलोमीटरमध्ये तो हातात उभा धरून चालत गेला, मागून मी गाडीत. केबलच्या आणि इंटरनेटच्या तारा सात ठिकाणी बांबूला लागल्या. विजेच्या तारा त्याहून बऱ्याच वर आहेत, पण तिथे बांबू आडवा धरूनच पुढे जायचं हे आधीच ठरवलं होतं. गावातल्या लोकांनी विचारलं, "मिरवणूक कुठली?"

रुंदीची चिंता नाही. रस्त्यावरच्या गाडीला २.६ मीटरपर्यंत मुभा आहे आणि आमचं घर २.४४. मात्र खिडक्यांच्या झडपा आणि जाळ्या धरल्या तर तीन मीटर भरतं, म्हणून त्या सगळ्या उतरवायच्या.

पुढचा मार्ग: पिरंगुटचा घाट, भूगाव, चांदणी चौक, कात्रजचा नवा बोगदा, शिरवळ, खंबाटकी, सुरूर. चांदणी चौकातला अरुंद जुना पूल २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये पाडला आणि यंदा ऑगस्टपासून नवी रचना सुरू झाली, त्यामुळे तिथली काळजी मिटली. खंबाटकीत साताऱ्याकडे जाणारी वाहतूक घाटावरून चढते, बोगदा पुण्याकडे येणाऱ्यांसाठी. म्हणजे उंचीचा प्रश्न नाही, वळणांचा आहे. आणि सुरूरपासून वाईपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना जुने वड. त्यांच्या फांद्या बांबूने मोजता येतात, पण पारंब्या वाऱ्याने हलतात.

१६ आणि १७ डिसेंबर, वाई

पाया. मुळशीला दोन फुटांवर कठीण लागलं होतं, इथे काळी माती. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर टेकवलेलं काहीही वर्षात तिरकं होतं. मुरूम लागेपर्यंत खणलं, साडेचार फूट गेलं. चारऐवजी सहा खांब घेतले. मधले दोन कशासाठी ते पुढच्या नोंदीत.

गवंडीदादांनी खांबांची आखणी कंटेनरच्या बाहेरच्या मापाने केली होती. दोरी बांधून झाली, चुना टाकून झाला. सुदैवाने काँक्रीट पडलं नव्हतं. ओझं पडतं कोपऱ्यातल्या ठोकळ्यांच्या भोकांवर, आणि त्या भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर लांबीत ११.९८५ मीटर, रुंदीत २.२५९. म्हणजे प्रत्येक टोकाला जवळपास १० सेंटिमीटरचा फरक. चहा झाला, दोरी पुन्हा बांधली, दोन्ही कर्ण मोजले. सारखे आले तेव्हाच खणती सुरू.

या वेळी वेल्डिंग नाही. प्रत्येक खांबात एम-२० चे चार बोल्ट उभे सोडलेत, त्यांच्यावर पट्टी, पट्टीवर चिमटा. नट काढले की घर मोकळं.

२३ डिसेंबर

नाताळची सलग सुट्टी, महाबळेश्वरला जाणाऱ्यांनी पुणे-सातारा रस्ता तुंबलेला. आज इथेच काम.

सगळ्यात महत्त्वाचं काम हेच होतं आणि नेमकं तेच मी शेवटाला ढकललं होतं. कंटेनरची ताकद कोपऱ्यांच्या खांबांत आणि नागमोडी पत्र्याच्या भिंतीत असते. तो पत्रा दीड-दोन मिलिमीटरचाच, पण लांब भिंत अखंड असली की ती एका उभ्या तुळईसारखी काम करते. दारावरच्या पाटीवर अजूनही लिहिलंय, एकूण वजन ३०,४८० किलो. ती पाटी अखंड कंटेनरची. आम्ही व्हरांड्याच्या बाजूने दहा फूट रुंदीचं सरकतं दार काढलं आहे, शिवाय दोन खिडक्या. म्हणजे एका बाजूची तुळई मधोमध कापली. जमिनीवर असताना मधल्या टेकूने भागलं. दोन्ही टोकांना धरून उचललं की नेमकं तिथे झोल येणार.

वेल्डरला हे पटवायला वेळ लागला. "ताई, बॉक्स पाइपची चौकट आहे की." चौकट आहे, पण चौकोन कलतो, त्रिकोण कलत नाही. आगपेटीचं बाहेरचं वेष्टण हातात देऊन दाबायला सांगितलं. तिरकं झालं. मग त्याने न बोलता ५० बाय ५० च्या अँगलचा फुलीचा आधार दाराच्या जागेत बसवला, खिडक्यांना एकेक तिरका पट्टा. खालच्या लांब कडेला दहा फुटांची चॅनेल जोडली.

दाराची सरकती काच काढून गोधड्यांत गुंडाळली. उघडी जागा प्लायने बंद. दाराच्या चौकटीचे कर्ण मोजून आतल्या भिंतीवर पेन्सिलने लिहिले: ३७०४ आणि ३७०६.

२८ डिसेंबर

खालचे कोपरे सुटले. काँक्रीट फोडायला ब्रेकर, मग ग्राइंडर. तीन दिवस गेले. एका माणसाने सात वर्षांपूर्वी दोन तासांत केलेलं काम सोडवायला तीन माणसांचे तीन दिवस. ज्याने केलं त्याला दोष नाही, मागणी आमचीच होती.

उद्या ओट्याचा ग्रॅनाइट.

१ जानेवारी २०२४

ट्रेलर उद्या यायचा होता. दुपारी मालकाचा फोन: गाडी येणार नाही. नव्या न्याय संहितेत जीवघेणी धडक देऊन पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, म्हणून चालकांनी चाक थांबवलंय. पौडला पेट्रोल पंपावर रांगा लागल्या. आम्ही दोन्ही हायड्रा (ओझं उचलून चालणाऱ्या छोट्या क्रेन) रद्द केल्या. घर पायावरून सुटलेलं, वीज नाही, ओटा अंगणात. आई पुण्याला मावशीकडे.

३ जानेवारी

काल रात्री संप मागे घेतला. उद्या दुपारी भरायचं, रात्री निघायचं.

४ जानेवारी, गुरुवार

दोन वाजता दोन १४ टनी हायड्रा. एक का नाही, हे आप्पांनी विचारलंच. १४ टन हा आकडा बूम, म्हणजे क्रेनचा हात, जवळ असतानाचा, हात लांब केला की क्षमता झपाट्याने उतरते. शिवाय एका हुकाला चार साखळ्या तिरप्या लावल्या तर त्या कंटेनरला लांबीत दोन्ही टोकांनी आत दाबतात, आणि आमची एक भिंत आधीच कापलेली. दोन क्रेन दोन टोकांना लावल्या की ओढ सरळ वर.

दोन चालक, शिट्टी एकाच्याच हातात. कोणीही ओरडायचं नाही, हा नियम दादाने आप्पांच्या शेजाऱ्यांनाही सांगितला, त्यांनी मन लावून पाळला नाही.

पहिली उचल वीतभर. उत्तरेचं टोक वर आलं, दक्षिणेचं हललंच नाही. सगळे शांत. दक्षिणेकडच्या हायड्राची मागची चाकं हलकी व्हायला लागली होती. शिट्टी, खाली. मी पुन्हा पोटाखाली डोकावले. शोषखड्ड्याकडे जाणारा पाइप कापला होता, पण त्याच्या शेजारची अर्थिंगची जाड पट्टी तशीच. यादीच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलेली. ती कापली. घर उठलं.

दोन्ही हायड्रा एकमेकींकडे बघत एकाच दिशेने बारा फूट सरकल्या आणि घर लाकडी ओंडक्यांवर टेकवलं. इथे मापं घेतली. लांब कडेला बांधलेल्या दोरीपासून मध्य ६ मिलिमीटर खाली. कर्ण ३७०१ आणि ३७०९. चालेल. फुली नसती तर किती आलं असतं ते मला जाणून घ्यायचं नाही.

पुन्हा उचल, खालून ट्रेलर मागे आला. आम्ही मुद्दाम सपाट पाट्याचा मागवला. नुसत्या सांगाड्याच्या ट्रेलरवर कंटेनर चार कोपऱ्यांवरच राहतो. सपाट पाट्यावर मध्ये रबराच्या पट्ट्या आणि लाकडाच्या पाचरी ठोकून आधार देता आला. चार ट्विस्ट लॉक (कोपऱ्याच्या भोकात फिरवून अडकवायच्या खुंट्या) फिरवले, क्लीनरने प्रत्येकावर लाथ मारून खात्री केली.

रात्री साडेदहाला निघालो. पुढे दादा बांबू लावलेल्या जीपमध्ये, मागे मी, दोघांचे दिवे लुकलुकत. सात तारांपाशी क्लीनर छतावर चढून रबरी टोकाच्या काठीने तारा वर धरत होता.

पिरंगुटला वजनकाटा. येताना रिकामी गाडी तोलली होती. वजाबाकी: ७,६४० किलो. माझा अंदाज ६.८ टन. दादाने जीपमधूनच हॉर्न दिला.

५ जानेवारी, शुक्रवार

खेड शिवापूरचा टोल साडेबाराला. खंबाटकी दोनच्या सुमारास, पहिल्या गिअरमध्ये. वळणावर ट्रेलरची मागची चाकं आतल्या बाजूने कापत जातात आणि घराचा मागचा कोपरा कठड्यावरून पलीकडे लोंबतो. ते मागून बघत गाडी चालवणं हा अनुभव मी कोणाला सुचवणार नाही. चालक मात्र आमच्यासमोर तंबाखू मळत होता. नाव्हाशेव्याहून असले डबे रोज नेतो, म्हणाला. "फक्त खिडकीला पडदा असलेला आज पहिल्यांदा."

पडदा काढायचा राहिला होता.

सुरूर फाट्यावर तीनला थांबलो. वडांखालून अंधारात जायचं नाही हे ठरलेलं. ढाब्यावर चहा, जीपमध्ये डुलकी. उजाडल्यावर निघालो तर बारा किलोमीटरला पावणेदोन तास लागले. ट्रेलर रस्त्याच्या मध्यावरून, समोरची वाहनं थांबवत. फांदी एकही तोडली नाही. पारंब्या छतावरून घासत गेल्या त्याचा आवाज ट्रकच्या इंजिनावरही ऐकू येत होता. रंगावर ओरखडे आहेत, ते मोजलेले नाहीत.

वाईच्या दोन हायड्रांनी अकराला घर खांबांवर धरलं. पाच खांबांवर बसलं, सहाव्यावर बोटभर फट. पातळीची नळी लावली तर खांब बरोबर होता, कंटेनरचा कोपराच किंचित पिळलेला. तो पिळ आजचा की २०१६ पासूनचा हे सांगता येत नाही, तेव्हा कोणी मोजलं नव्हतं. ९ मिलिमीटरची पट्टी खाली सरकवली.

७ जानेवारी

फुली कापली. कर्ण ३७०३ आणि ३७०७. सरकतं दार बसवलं, ते शेवटच्या वीतभरात अडत होतं. खालची पन्हळ काढून तिच्याखाली पत्र्याची पातळ चकती घातली, आता एका बोटाने सरकतं.

न्हाणीघराचा ट्रॅप या वेळी जमिनीखाली न लपवता बाजूला उघडा ठेवला. गळला तर दिसेल.

१४ जानेवारी

शेडचे खांब आले. या वेळी ते ठोकळ्यांवर नाही, घराच्या बाहेर स्वतंत्र पायावर. मुळशीच्या मानाने इथे पाऊस कितीतरी कमी, शेड हवीच का यावर दादाशी वाद चालू आहे. आईचं मत ऊन जास्त म्हणून हवीच.

आप्पांकडची उरलेली कामं: खांब फोडून माती भरणं, शोषखड्डा बुजवणं. त्यांनी खांब राहू द्या म्हणून सांगितलंय, कोंबड्यांच्या शेडला चालतील.

चोवीसही नटांना ग्रीस लावून वर प्लास्टिकच्या टोप्या बसवल्या. ३० नंबरचा पाना दारामागच्या खिळ्याला टांगलाय. त्या खिळ्यावर आईने आधीच भाजीची पिशवी अडकवली होती. तिला दुसरा खिळा मारून दिला.